पाल्याची जुडी

त्या माणसाचे आणि माझे पहिल्या दिवसापासून जमले नाही. मला तो आवडला नाही आणि त्याला मी आवडलो नाही. हे दोघांनाही इतके स्वच्छ ठाऊक होते की ते लपवायचे कष्ट आम्ही कधी घेतले नाहीत.

मी तेव्हा पनवेलच्या शाळेत शास्त्र शिकवत होतो. वय सव्वीस, लग्न नाही, थोरल्या भावाच्या घरात राहणे, आणि साऱ्या गावावर राग. पनवेलच्या धुळीवर राग, डासांवर राग, दर शनिवारी माझ्या वहीतल्या खाडाखोडी मोजणाऱ्या मुख्याध्यापकांवर तर विशेष राग. मुंबईहून एका जुन्या सामानवाल्याकडून मी एक घडीचा जर्मन कॅमेरा आणला होता. त्याच्या कातडी भात्याला बारीक भोक होते, ते मी चिकटपट्टी लावून बुजवले होते. एका रोलवर आठच फोटो निघत. त्या आठ चौकटींपुरते जग मला सहन व्हायचे, कारण त्यात कोण यावे आणि कोण येऊ नये हे मी ठरवत होतो. माझ्या चौकटीत माणूस नसायचा. माणसाची वस्तूही नसायची. रान कसे अस्पर्श हवे. हा शब्द मी त्या काळात फार वापरायचो.

रविवारी पेणच्या रस्त्याने जाणारी एस.टी. पकडायची आणि कर्नाळ्याच्या पायथ्याशी उतरायचे, हा माझा नेम. पुढे तिथे अभयारण्य झाले, पाट्या लागल्या, सहली येऊ लागल्या. तेव्हा काहीच नव्हते. वाटा होत्या, पण त्या कुणी आखलेल्या नव्हत्या, पायांनी पडलेल्या होत्या, आणि त्यातली कुठली सुळक्याकडे जाते आणि कुठली नुसती कारवीच्या झुडपांत जाऊन संपते हे खालच्या गावातल्या लोकांनाच कळे. म्हणून मला तो माणूस लागला.

तो पन्नाशीचा असेल. पायथ्याला लागून भाताची खाचरे, वर रानात लाकूडफाटा आणि मध. डावखुरा होता. डाव्या हातातला कोयता इतक्या सहज चालवायचा की समोरची फांदी तुटली हे आधी कानाला कळायचे. मी त्याला अरे-तुरे करायचो. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी एकेरी हाक मारतो यात मला तेव्हा काही वावगे वाटत नव्हते. मी मास्तर, तो गाववाला. तो मला ‘तुमी’ म्हणायचा, पण त्या ‘तुमी’त आदर शोधायला दुर्बीण लागली असती.

“झाडाचा फोटू काडता?” पहिल्याच दिवशी त्याने विचारले.

“हो.”

“आमच्यात मेलेल्याचा काडतात. झाड काय मेलंय?”

त्याची लेक अंगणात उभी होती. ती खुदकन हसली आणि मला पाण्याचा तांब्या आणून दिला. त्या घरात माझ्याकडे बघून हसलेली ती एकटीच. तिचे लग्न त्याच उन्हाळ्यात डोंगराच्या सोंडेपलीकडच्या गावात झाले.

गावातल्या बाकीच्या लोकांना माझा कॅमेरा मुळीच पसंत नव्हता. त्यांच्या वाडवडिलांनी चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि तिथला गोळीबार पाहिला होता. रानात कागद किंवा यंत्र घेऊन फिरणारा माणूस जंगलखात्याचाच, ही त्यांची खूणगाठ. मी पुढे गेलो की मागून कुजबूज व्हायची. तोही मला वर नेताना कधी सरळ वाटेने न्यायचा नाही. मला त्याचा संताप यायचा. हा मला मुद्दाम फिरवतो, दमवतो, असे मी घरी येऊन वहिनीला सांगायचो. ती म्हणायची, मग जाऊ नका. हेही मला चालायचे नाही.

दोन वर्षे हे असे चालले. मग तो दिवाळीच्या आधीचा रविवार आला.

भात पिकून पिवळे झाले होते. सकाळचे ऊन तिरपे होते आणि मला घाई होती, कारण असे ऊन अर्धा तास टिकते. तो मात्र बांधावर बसून विडी ओढत होता. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ओरडलो, “चल ना रे, का आता पालखी आणू?”

तो उठला, विडी विझवून कानाला लावली आणि म्हणाला, “आज तुमचं तुमी जा. वर जायाचं तं मोठ्या वाटंनं जा. आडवाटंला जाऊ नुका.”

“का?”

“नुका म्हनतो ना.”

कारण सांगायला त्याच्या जिवावर आले होते आणि विनंती करायला माझ्या. मी तडक आडवाटेला लागलो. तो नको म्हणाला, एवढेच कारण पुरेसे होते.

पाचेक मिनिटांवर एक मोठा बेहडा होता. त्याची एक फांदी वाटेवर कमानीसारखी वाकली होती. तिच्याखालून वाट आत जात होती आणि त्या वाटेवर ऊन असे उतरले होते की मी जागच्या जागी थांबलो. दोन वर्षांत असे काही माझ्यापुढे आले नव्हते. मी कॅमेरा उघडला, डोळा लावला आणि एक फोटो घेतला. तो पाचवा. मग लक्षात आले की कमानीच्या बरोबर मध्ये, तोंडाच्या उंचीवर, हिरव्या पाल्याची एक जुडी टांगलेली आहे. शेंडे खाली, देठ वर, ओल्या सालीने बांधलेली. पाला ताजा होता.

माझे डोके फिरले. इथेही माणसाने हात लावून ठेवलाच! गुराख्यांचा चाळा असेल, नाहीतर कुठला तरी उतारा, असे मी धरून चाललो. खिशातला चाकू काढला, साल कापली, जुडी झुडपात भिरकावली. साल फांदीला वेढलेली होती. तिचे एक टोक लोंबत राहिले, ते काही केल्या सुटेना, आणि ऊन सरकत होते. डहाळी समजून चालेल म्हणून मी ते तसेच सोडले. सहावा फोटो घेतला. तेवढ्यात ढग आला. मी कमानीपुढे एक पाऊलही न टाकता मागे फिरलो आणि मोठ्या वाटेने वर गेलो. दिवसभर मी खुशीत होतो. त्याला जिंकल्यासारखे वाटत होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पनवेलला आमच्या दारात आला. तो कधी घरी आलेला नव्हता. पायरीखालीच उभा राहिला.

“मास्तर, त्या दिशी तुमी आडवाटंला गेलेला?”

“का?”

“बेहड्याला पाल्याची जुडी बांदलेली. तुमी बघितली का?”

मग त्याने सांगितले. भात पिकले की रानडुकरे रात्रीतून खाचर उलथेपालथे करतात. म्हणून त्याने आडवाटेवर, बेहड्यापुढे वीस पावलांवर, खड्डा खणून वर कारवी आणि गवत पसरले होते. असा खड्डा खणणारा वाटेच्या दोन्ही तोंडांना पाल्याची उलटी जुडी टांगतो. ती दिसली की तान्हे पोर घेतलेली बाईसुद्धा वाट सोडून वळसा घालते. नसली, तर वाट मोकळी. यात विचारणे नाही, सांगणे नाही. म्हणूनच त्याने मलाही कारण सांगितले नव्हते. जुडी दिसेलच, असे त्याने धरले होते. आणि जंगलखात्याच्या हद्दीत खणलेल्या खड्ड्याची गोष्ट तो कॅमेरावाल्या मास्तरला तोंडाने कशाला सांगेल?

सोमवारी सकाळी त्याचा व्याही, म्हणजे लेकीचा सासरा, तिला दिवाळीला माहेरी कधी पाठवायचे ते ठरवायला मोठ्या वाटेने त्याच्याकडे आला. बोलणे उरकून परत जाताना तो बेहड्याच्या बाजूने आडवाटेला शिरला. जुडी नव्हती. तो सरळ चालत गेला आणि खड्ड्यात पडला. मांडीचे हाड मोडले.

“व्याही म्हनतो, तू या तोंडाला जुडी बांदलीच नाय,” तो म्हणाला. “गाव म्हनतो, मानूस मारायचा खड्डा खनला. त्याच्या डोलीला लोकांनी तीच फांदी तोडली, आता जुडी बांदलेली दावू कशी? लेकीला परत धाडली माज्या. तुमी तिथं व्हता. जुडी बघितली आसंल तं येऊन सांगा. तुमी मास्तर. तुमचं आयकतील.”

तो हात जोडत नव्हता. मान खाली घालत नव्हता. रोखून बघत होता. मला भीती वाटली, हे खरे. पोलीस, शाळा, नोकरी, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. पण खरे सांगायचे तर भीतीच्या आधी दुसरेच काहीतरी आले. दोन वर्षे मला उलट्या वाटांनी फिरवणारा हा माणूस आज माझ्या पायरीखाली उभा होता, आणि मला ते गोड वाटले.

“नाही पाहिली,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “बरं.” आणि गेला.

रोल मी पुढच्या रविवारी दुपारी धुतला. न्हाणीघराच्या खिडकीला गोणपाट ठोकायचे, वहिनीच्या परातीत औषध ओतायचे, तिची बोलणी खायची, हा माझा कारखाना. निगेटिव्ह पाण्यातून काढून उजेडात धरली. पाचव्या चौकटीत जुडी होती. सहाव्यात नव्हती. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच पट्टीवर. यापेक्षा स्वच्छ साक्ष कुठल्या कोर्टात मिळाली नसती.

मी पट्टी कापली. पाचवी निगेटिव्ह पाकिटात घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. स्वतःला सांगितले की मी बोललो तर त्याचाच खड्डा जंगलखात्याला कळेल, म्हणजे गप्प राहून मी त्याच्यावर उपकारच करतोय. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितले की मला ते पाठ झाले. आजही म्हणून दाखवीन.

सहाव्याचा मोठा प्रिंट मी बाजारातल्या स्टुडिओवाल्याकडून काढून घेतला. हा इसम मला कधी चांगले म्हणाला नव्हता. पासपोर्टचे फोटो आणि नवरा-नवरीचे जोड फोटो, एवढीच त्याची कला. पण हा प्रिंट पाहून तो म्हणाला, “मास्तर, हा काचेत लावतो.” आणि दर्शनी काचेच्या कपाटात, सगळ्या नवऱ्या-नवरींच्या मधोमध, माझा बेहडा लागला. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्याला प्रशस्तिपत्रकही मिळाले. त्यावर ‘अस्पर्श अरण्य’ असे लिहिले होते. शीर्षक माझेच. मुख्याध्यापकांनी शाळेत सर्वांसमोर अभिनंदन केले, आणि मी, ज्याला मुख्याध्यापकांचे तोंड बघवत नसे, लाजून हसलो.

त्या हिवाळ्यात मी कर्नाळ्याला गेलो नाही. प्रकृतीचे कारण सांगितले. कुणी विचारले नव्हते, तरी सांगितले.

होळीच्या सुमाराला स्टुडिओवाला म्हणाला, “तुमच्या फोटोला एक गिऱ्हाईक आहे. दर बाजाराला येतो, काचेला नाक लावून उभा राहतो, विकत काही घेत नाही. हाकलला तरी परत येतो.”

मला कळले. तरी पुढच्या बाजाराला मी गेलो. तो तिथे होता. डाव्या हाताची पिशवी खाली ठेवून काचेजवळ वाकला होता. मी मागे उभा राहिलो. त्याला काचेत माझे प्रतिबिंब दिसले असावे, कारण तो न वळताच बोलला.

“ही माजी साल.”

त्याने काचेवर बोट टेकवले. कमानीच्या मधोमध, फांदीपासून लोंबणारा इंचभर काळा धागा. प्रदर्शनातल्या विद्वानांना तो डहाळी वाटला होता. मलाही रोज बघून तसाच वाटू लागला होता.

“कापलेली हाय,” तो म्हणाला. “चाकूनं.”

मी काही बोलावे म्हणून तो थांबला नाही. पिशवी उचलून गर्दीत गेला. शिवी दिली असती तर मी उलट शिवी दिली असती. त्याने ती सोयही ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, पाचव्याचा आणि सहाव्याचा एकेक लहान प्रिंट काढला, दोन्ही फोटो वर्तमानपत्रात गुंडाळले आणि आधी सोंडेपलीकडच्या गावात व्याह्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर बाजेवर होता. पाय बांबूच्या कामट्यांतून सुटला होता, पण वाकडा बसला होता. मी पाचवा फोटो त्याच्या हातात दिला. त्याने तो बराच वेळ जवळ-लांब करून पाहिला.

“गाठ डाव्या आंगाची हाय,” तो म्हणाला. “व्याह्याचीच. दुसरा कोन अशी नाय बांदत.” मग माझ्याकडे पाहिले. “मंग काडली कोनी?”

“मी.”

“तुमी? कशाला?”

“फोटो चांगला यावा म्हणून.”

आयुष्यात मी इतके मूर्ख वाक्य पुन्हा बोललेलो नाही. व्याह्याची बायको आतून आली होती, ती नुसती “आई गो” म्हणाली. मी सहावा फोटो काढून दाखवला, कुणी पाहिला नाही. व्याही बाजेखाली थुंकला. माझ्यावर नाही, पण फार लांबही नाही. मग मुलाला म्हणाला, “जा. बायकोला घेऊन ये. व्याह्याला सांग, माजा वाकडा शब्द मी परत घेतला.”

मुलगा आणि मी सोंडेवरून निघालो. तो माझ्यापुढे दहा पावले अंतर ठेवून चालत होता. आणि तरी, काय सांगू, चढ चढताना मला हलके वाटत होते. मी केले, मीच निस्तरले, असे मनात येत होते. एकदा तर उन्हाकडे बघून मी सवयीने कॅमेऱ्याच्या पट्ट्याला हातही घातला. कॅमेरा आणलेला नव्हता.

अंगणात ती भात पाखडत होती. तिचा बाप जोत्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. नवऱ्याने खालमानेने निरोप सांगितला, फोटो पुढे केला. तिने सूप खाली ठेवले, हात पुसले, फोटो घेतला. जुडीवर अंगठा ठेवून पाहत राहिली. ती हसेल असे मला वाटले होते. पहिल्या दिवशीसारखी.

“माज्या बापानं तोंडानं सांगितलं व्हतं,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी तुज्या पाया पडून सांगितलं. तवा आयकलं नाय. आता कागदानं सांगितलं, तं न्यायला आलास.”

“बा चुकला म्हनतो ना,” तो पुटपुटला.

“उंद्या माज्यावर काय आळ आला, तं मी फोटू कुटून आनू?”

तिने फोटो त्याच्या हातात परत दिला आणि सूप उचलले. “मी नाय येत,” म्हणाली. आवाज चढवला नाही. नवरा फोटो घेऊन आल्या वाटेने गेला.

मग ती माझ्याकडे वळली. “मास्तर, बा तुमच्या दारात आलेला, तवा तुमी बोलला असता तं मी दिवाळी करून माज्या घरी गेले असते. आता ते घर माजं नाय.”

मी तिच्या बापाकडे पाहिले. “तुम्ही तरी तिला समजवा,” मी म्हणालो. त्याला ‘तुम्ही’ म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. त्याच्या ते ध्यानात आले. त्याने धार लावायचे थांबवले, कोयता कमरेला खोचला आणि उठला.

“चला मास्तर. रस्त्याला लावून देतो.”

त्याने मला सरळ वाटेने नेले. इतकी जवळची वाट होती. दहा मिनिटांत आम्ही हमरस्त्यावर आलो. दोन वर्षे मला वळसे का पडत होते ते त्या दहा मिनिटांत मी पाहिले. दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या आडवाटांच्या तोंडांशी झाडांना जुड्या होत्या, काही सुकलेल्या, काही ताज्या. तो मला त्यांच्यापासून सांभाळून फिरवत होता. रस्त्याला लागल्यावर तो मागे फिरला.

स्टुडिओवाल्याच्या कपाटातून मी फोटो काढून आणला. प्रशस्तिपत्रक मात्र फाडले नाही. फाडले असते तर मी फार चांगला माणूस झालो असे मला वाटले असते, आणि तेवढे सुख मला स्वतःला द्यायचे नव्हते.

महिन्याभराने, एका रविवारी, मी पुन्हा गेलो. कशासाठी, ते नीट सांगता येत नाही. माफी मागायला म्हणावे तर शब्द तयार नव्हते. एस.टी.तून उतरलो आणि त्याने दाखवलेल्या सरळ वाटेने चालत तिच्या गावाकडच्या तोंडाशी आलो. ती रहदारीची वाट, तिच्यावरून बायका डोक्यावर मोळ्या घेऊन बाजाराला जातात. तिथे कुणी खड्डा खणणार नाही. आत वीस पावलांवर त्याचे अंगण दिसत होते, सुपाचा आवाजही येत होता.

वाटेच्या तोंडाशी फांदीला पाल्याची जुडी टांगली होती. शेंडे खाली, देठ वर, माझ्या तोंडाच्या उंचीवर. एक बाई मोळी घेऊन आतून आली, तिने जुडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि खालून वाकून निघून गेली. पाला ताजा होता. गाठ डाव्या हाताची होती.

मी जुडीला हात लावला नाही. मागे वळलो आणि पनवेलच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभा राहिलो.